दूरचित्रवाणी संच : दुकानातील किंमत आणि घरातील खर्च

प्रतिनिधी, मुंबई

दसरा-दिवाळी जवळ आली, की दूरचित्रवाणी संचांच्या जाहिरातींना भरती येते. एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी अशी एकापेक्षा एक चमकदार नावे आणि त्यांच्यापुढे ठळक अक्षरांत छापलेली किंमत पाहून ग्राहक दुकानात शिरतो. विक्रेत्याशी घासाघीस करून दोन-तीन हजार रुपये कमी झाले, की सौदा फायद्याचा झाला असे समाधान घेऊन तो घरी परततो. मात्र संच भिंतीवर लागल्यानंतर पुढील सात-आठ वर्षे विजेपोटी, दुरुस्तीपोटी आणि संच अकाली निकामी झाल्यास नव्या खरेदीपोटी जो खर्च होतो, त्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. हा हिशेब मांडला, तर अनेक रूढ समजुतींना धक्का बसतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि देशात रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभ १५ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्या काळात घेतलेला संच पंधरा-वीस वर्षे चालावा, अशी मध्यमवर्गीय कुटुंबाची अपेक्षा असे आणि ती बहुधा पूर्णही होत असे. चाळीतील किंवा पेठेतील परिचयाचा मेकॅनिक घरी येऊन एखादा सुटा भाग बदलून देई आणि संच पुन्हा सुरू होई. आजचा संच पातळ, हलका आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या पडद्याचा आहे. परंतु तो तितका काळ टिकेलच, याची खात्री कोणी देत नाही. म्हणूनच किमतीबरोबर आयुष्याचाही विचार करणे आता अपरिहार्य झाले आहे.

नावे अनेक, तंत्रे मोजकी

प्रथम नावांचा घोळ दूर करावयास हवा. जुन्या ‘डबा’ संचात काचेची चित्रनलिका असे. तिच्या मागील टोकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील लेपावर आदळून चित्र उमटे. प्लाझ्मा संचात सूक्ष्म कप्प्यांमधील वायूत विद्युतप्रवाह सोडून लेप प्रकाशमान केला जाई. रंग आणि काळेपणा या बाबतीत प्लाझ्माची कीर्ती मोठी होती. मात्र वीज खाण्याच्या बाबतीतही तो आघाडीवर होता. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्माच्या उत्पादनातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, तर सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये तोच मार्ग धरला. त्याबरोबर हे तंत्र बाजारातून अस्तंगत झाले.

आज बाजारात दोनच मुख्य कुळे आहेत. पहिले एलसीडीचे. यातील द्रव-स्फटिकांचा थर स्वतः प्रकाश देत नाही. मागून येणारा प्रकाश तो कमी-अधिक प्रमाणात अडवतो. पूर्वी हा प्रकाश पारा असलेल्या बारीक नळ्यांमधून येत असे, आता तो एलईडी दिव्यांमधून येतो. म्हणजेच ज्याला आपण ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो, तो वस्तुतः एलईडीच्या प्रकाशावर चालणारा एलसीडीच होय. रंग अधिक शुद्ध व्हावेत म्हणून त्यात ‘क्वांटम डॉट’चा पापुद्रा घातला, की तो क्यूएलईडी होतो. मागील दिवे अतिशय लहान व संख्येने हजारोंच्या घरात असले आणि त्यांचे गट स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आले, की तो मिनी-एलईडी ठरतो.

दुसरे कूळ ओएलईडीचे. यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाशतो आणि काळ्या भागात तो पूर्ण बंद होतो. मागील दिव्यांची गरजच नसते. नावात केवळ एका अक्षराचा फरक असला, तरी एलईडी आणि ओएलईडी यांत तंत्राचा, किमतीचा आणि पुढील खर्चाचा फरक मोठा आहे.

विजेचा हिशेब

वीजवापर मोजण्याची रीत सोपी आहे. संचाचे वॅट गुणिले दिवसाचे तास गुणिले ३६५, आणि या गुणाकारास १,००० ने भागले, की वर्षाची युनिट मिळतात. दिवसाला सरासरी पाच तास संच चालतो असे धरले, तर वर्षाला १,८२५ तास होतात. हिशेबाच्या सोयीसाठी विजेचा दर १० रुपये प्रतियुनिट धरू. वॅटचे आकडेही प्रत्येक प्रकारातील सर्वसाधारण संचाचे आहेत. प्रत्यक्षात मॉडेलनुसार ते कमी-अधिक होतील.

जुना २९ इंची चित्रनलिकेचा संच, ११० वॅट : वर्षाला सुमारे २०० युनिट, २,००० रुपये.

जुना ४२ इंची प्लाझ्मा, २५० वॅट : ४५६ युनिट, ४,५६० रुपये.

जुना ४२ इंची नळीदिव्यांचा एलसीडी, १७० वॅट : ३१० युनिट, ३,१०० रुपये.

आजचा ४३ इंची एलईडी, ७५ वॅट : १३७ युनिट, १,३७० रुपये.

आजचा ५५ इंची एलईडी, ११० वॅट : २०० युनिट, २,००० रुपये.

आजचा ५५ इंची मिनी-एलईडी, १५० वॅट : २७४ युनिट, २,७४० रुपये.

आजचा ५५ इंची ओएलईडी, ११० वॅट : २०० युनिट, २,००० रुपये.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, तंत्राने वाचवलेली वीज ग्राहकाने पडद्याच्या आकारात घालवली आहे. २९ इंची जुना संच आणि ५५ इंची नवा संच जवळपास सारखीच वीज घेतात; नव्या पडद्याचे क्षेत्रफळ मात्र तिपटीच्या आसपास आहे. दुसरे म्हणजे, आजच्या तंत्रांमधील विजेचा फरक किमतीतील फरकापुढे अगदी लहान आहे. ५५ इंची साधा एलईडी आणि मिनी-एलईडी यांच्यात ४० वॅटचा फरक धरला, तर वर्षाला ७३ युनिट, म्हणजे ७३० रुपये होतात. आठ वर्षांत हा आकडा ६,००० रुपयांच्या आतच राहतो. ‘वीज वाचते’ या एका कारणास्तव महाग संच घेणे, हा हिशेब म्हणून टिकत नाही.

ओएलईडीचा वीजवापर दृश्यानुसार बदलतो. अंधाऱ्या प्रसंगांचा चित्रपट असेल, तर तो कमी वीज घेतो. बर्फाच्छादित मैदान किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीचे दृश्य सतत असेल, तर वापर वाढतो. मिनी-एलईडीची प्रखरता अधिक असल्याने उजळ दृश्यांत त्याची भूकही अधिक असते. दुकानात संच नजरेत भरावा म्हणून तो अतिशय प्रखर व भडक मांडणीवर ठेवलेला असतो. घरी आणल्यावर तीच मांडणी कायम ठेवणारी अनेक कुटुंबे आहेत. ती बदलून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ केल्यास वीजही वाचते आणि दिव्यांचे आयुष्यही वाढते.

विजेच्या दराबाबत एक बारकावा लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्यांनुसार वाढतो. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा आणि त्यापुढे आणखी चढा. दूरचित्रवाणीची युनिट कमी केली, तर बिलातील सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील युनिट कमी होतात. त्यामुळे बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर न धरता, आपले बिल ज्या टप्प्यात संपते तो दर धरावा. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हेही मिळवावे.

नजरेआड राहणारी वीज

संच ‘बंद’ असतानाचा वीजवापर हा पूर्वी चिंतेचा विषय होता. रिमोटने बंद केलेला जुना संच काही वॅट वीज घेतच राही. आजचे संच या अवस्थेत अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतात. दिवसाचे १९ तास या हिशेबाने वर्षाला साडेतीन युनिट, म्हणजे ३५ रुपये होतात. यासाठी जिवाला घोर लावून घेण्याचे कारण नाही.

खरा चोर बाजूलाच बसलेला असतो, तो म्हणजे सेट-टॉप बॉक्स. मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबलचे डिजिटायझेशन झाल्यापासून तो घरोघरी आहे. रिमोटने बंद केल्यावरही अनेक बॉक्स जवळपास पूर्वीइतकीच वीज घेतात. केवळ दिव्याचा रंग बदलतो. बॉक्स १० वॅटचा धरला आणि तो चोवीस तास जोडलेला राहिला, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट होतात. ४३ इंची संचाच्या वार्षिक १३७ युनिटशी याची तुलना केली, तर हा लहानसा डबा संचाच्या निम्म्याहून अधिक वीज खातो! वापर नसताना भिंतीवरील बटण बंद ठेवण्याची सवय लावल्यास वर्षाला जवळपास ७०० रुपये वाचतात. एलईडी की ओएलईडी, या वादात वाचणाऱ्या विजेपेक्षा ही बचत कमी नाही.

वातानुकूलित खोलीत आणखी एक खर्च दडलेला असतो. संच जेवढी वीज घेतो, ती अखेरीस उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते आणि ती बाहेर फेकण्यासाठी वातानुकूलन यंत्राला श्रम करावे लागतात. सर्वसाधारण यंत्राच्या कार्यक्षमतेचा विचार करता संचाच्या वीजवापरात सुमारे एक तृतीयांशाची भर पडते. प्लाझ्मा संच असलेली खोली उन्हाळ्यात अधिक तापते, ही तक्रार त्यामुळे निराधार नव्हती.

पॅनेलचे आयुष्य आणि संचाचे आयुष्य

माहितीपत्रकांत ६० हजार तास, १ लाख तास असे आयुष्याचे आकडे झळकतात. दिवसाला पाच तास या हिशेबाने ६० हजार तास म्हणजे जवळपास ३३ वर्षे होतात. इतका काळ चाललेला सपाट पडद्याचा संच कोणी पाहिलेला नाही. याचे कारण असे, की हा आकडा बहुधा पडद्याची प्रखरता निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाचा असतो. संपूर्ण संचाचा नव्हे. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. संचातील कच्च्या कड्या म्हणजे वीजपुरवठ्याचा बोर्ड, त्यावरील कपॅसिटर, मुख्य बोर्ड आणि मागील एलईडी दिव्यांच्या पट्ट्या.

दिव्यांच्या मांडणीचा प्रश्न येथे कळीचा ठरतो. काही संचांत दिवे पडद्याच्या मागे सर्वत्र पसरलेले असतात, तर काहींत ते केवळ कडेला एका ओळीत असतात आणि प्रकाश एका पारदर्शक पत्र्यामार्फत पडद्यावर पसरवला जातो. कडेच्या मांडणीमुळे संच अतिशय सडपातळ होतो. परंतु उष्णताही एकाच ओळीत एकवटते. दिवे जळणे, प्रकाश पसरवणारा पत्रा वाकणे, पडद्यावर ढगाळ डाग दिसणे हे दोष त्यातून उद्भवतात. कॅनडातील ‘आर्टिंग्ज’ या चाचणी संस्थेने २०२२ च्या अखेरीस १०० संच दीर्घकाळ चालवून पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. त्यातही कडेने प्रकाशित होणाऱ्या एलसीडी संचांची टिकण्याची क्षमता कमी असल्याचे दिसून आले. दुकानात पातळपणाचे कौतुक होते. घरात मात्र भिंतीवर टांगलेल्या संचाची जाडी कोणी मोजत बसत नाही.

आपल्याकडील हवामान आणि वीजपुरवठा हे आणखी दोन शत्रू. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी, दमट हवा बोर्डांवरील जोडण्या गंजवते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर संच लावल्यास हा धोका वाढतो. विजांच्या कडकडाटात केवळ वीजवाहिनीतूनच नव्हे, तर केबलच्या तारेतूनही विद्युतदाबाचा झटका संचापर्यंत पोहोचू शकतो. अशा वेळी संचाचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

ओएलईडी आणि ‘ब्रेकिंग न्यूज’ची पट्टी

ओएलईडीच्या चित्राला आज तोड नाही, हे जाणकार मान्य करतात. मात्र त्यातील सेंद्रिय द्रव्ये वापराबरोबर हळूहळू क्षीण होतात. पडद्याचा सर्व भाग सारखाच वापरला गेला, तर ही झीज जाणवत नाही. परंतु एकाच जागी एकच चिन्ह तासन् तास राहिले, तर तेथील चित्रबिंदू इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि त्या चिन्हाची सावली कायमची उमटते. याला ‘बर्न-इन’ म्हणतात.

मराठी घरातील दूरचित्रवाणीचा वापर डोळ्यांपुढे आणला, की या दोषाचे महत्त्व कळते. सकाळपासून वृत्तवाहिनी सुरू असते. कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, खाली लाल-पिवळी ‘ब्रेकिंग न्यूज’ची पट्टी, बाजूला शेअर बाजाराचे आकडे. घरातील ज्येष्ठ मंडळी दिवसाचे आठ-दहा तास हेच पाहतात. क्रिकेटच्या दिवसांत धावफलक आणि निवडणूक निकालाच्या दिवशी पक्षनिहाय जागांचा तक्ता यांची भर पडते. असा वापर असेल, तर ओएलईडीचे आयुष्य कागदावरील आकड्यांपेक्षा कमी भरू शकते. उत्पादकांनी चित्र किंचित सरकवणे, स्थिर चिन्हाची प्रखरता कमी करणे, संच बंद असताना पडद्याची आपोआप दुरुस्ती करणे असे उपाय केले आहेत आणि पूर्वीच्या तुलनेत स्थिती सुधारलीही आहे. तरीही अनेक हमीपत्रांत बर्न-इन वगळलेले असते, हे खरेदीपूर्वी वाचून घ्यावे. ओएलईडीच्या संचाचे मुख्य बटण रात्री तत्काळ बंद करू नये, कारण पडद्याच्या दुरुस्तीचे काम त्याच वेळी चालते. संध्याकाळी दोन-तीन तास चित्रपट व मालिका पाहणाऱ्या घरात मात्र ही भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही.

दुरुस्ती : परवडणारी आणि न परवडणारी

आवाज येतो, पण पडदा काळा, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. अंधारात पडद्यावर विजेरीचा झोत टाकून पाहावा. चित्र अंधुक दिसत असेल, तर पॅनेल शाबूत असून केवळ मागील दिवे किंवा त्यांचा पुरवठा गेला आहे, असे समजावे. दिव्यांच्या पट्ट्या बदलण्याचा खर्च पॅनेलच्या तुलनेत किरकोळ असतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली अशा बाजारांत सुटे भाग मिळू शकतात. ही परीक्षा अर्थातच केवळ एलसीडी कुळातील संचांना लागू आहे. ओएलईडीत मागे दिवेच नसतात.

पॅनेल फुटले किंवा त्यात दोष निर्माण झाला, तर मात्र गणित पालटते. मोठी पॅनेल बहुतांशी आयात होतात आणि ते बदलण्याचा खर्च संचाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक भरतो. मुलाच्या हातून सुटलेला चेंडू हे कारण असल्यास उत्पादकाची हमीही लागू होत नाही. त्यामुळे व्यवहारात पॅनेल जाणे म्हणजे संच जाणे होय. वाढीव हमी घ्यावी की नाही, याचे उत्तर यातच आहे. हमीत पॅनेलचा समावेश असेल आणि तिची रक्कम संचाच्या किमतीच्या थोड्या टक्क्यांत असेल, तर मोठ्या व महाग संचासाठी ती विचारात घेण्याजोगी आहे. स्वस्त ३२ इंची संचासाठी ती बहुधा वाया जाते.

आठ वर्षांचा ताळेबंद

आता सर्व खर्च एकत्र मांडू. पुढील किमती व दुरुस्तीच्या रकमा केवळ उदाहरणादाखल गृहीत धरल्या आहेत. वाचकांनी आपल्या पसंतीच्या संचाचे आकडे घालून हाच हिशेब करावा. वापर दिवसाला पाच तास, आयुष्य आठ वर्षे आणि वीज १० रुपये युनिट.

४३ इंची एलईडी : किंमत २८,०००, वीज ११,०००, दुरुस्ती ५,०००, एकूण ४४,००० रुपये. वर्षाला ५,५०० रुपये.

५५ इंची एलईडी : किंमत ४५,०००, वीज १६,०००, दुरुस्ती ७,०००, एकूण ६८,००० रुपये. वर्षाला ८,५०० रुपये.

५५ इंची मिनी-एलईडी : किंमत ८०,०००, वीज २२,०००, दुरुस्ती १०,०००, एकूण १,१२,००० रुपये. वर्षाला १४,००० रुपये.

५५ इंची ओएलईडी : किंमत १,२०,०००, वीज १६,०००, दुरुस्ती १२,०००, एकूण १,४८,००० रुपये. वर्षाला १८,५०० रुपये.

वरवर पाहता स्वस्त संचच सरस ठरतो. परंतु या मांडणीत सर्व संच आठ वर्षे टिकतात, असे धरले आहे. ५५ इंची साधा एलईडी चारच वर्षांत बंद पडला आणि दुरुस्तीपेक्षा नवा घेणे बरे असे ठरले, तर किंमत व चार वर्षांची वीज मिळून ५३,००० रुपये, म्हणजे वर्षाला १३,२५० रुपये पडतात. आठ वर्षे टिकलेल्या मिनी-एलईडीचा वार्षिक खर्च १४,००० रुपये आहे. म्हणजे निम्म्या किमतीचा वाटलेला संच जवळपास तेवढाच महाग पडला, आणि चित्र मात्र निकृष्ट पाहावे लागले. ओएलईडीवर पाच वर्षांत बर्न-इन उमटून तो बदलावा लागला, तर दुरुस्तीचा खर्च न धरताही वर्षाला २६,००० रुपये होतात. संच किती वर्षे टिकतो, हा प्रश्न तो किती वीज खातो याहून कितीतरी मोठा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एका खर्चाचा उल्लेख केलेला नाही, कारण तो सर्व तंत्रांना समानच असतो. केबल, डीटीएच किंवा ओटीटीची वर्गणी महिन्याला ४०० रुपये धरली, तरी आठ वर्षांत ३८,४०० रुपये होतात. घरखर्चाला कात्री लावावयाची असेल, तर न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी हे पहिले ठिकाण आहे.

जुना संच बदलावा काय?

विजेची बचत होईल म्हणून चालू स्थितीतील जुना संच काढून टाकावा काय, असा प्रश्न अनेकदा पडतो. ४२ इंची नळीदिव्यांचा एलसीडी काढून ४३ इंची एलईडी घेतल्यास वर्षाला ९५ वॅटच्या हिशेबाने १७३ युनिट, म्हणजे सुमारे १,७३० रुपये वाचतात. नव्या संचाचे २८,००० रुपये यातून वसूल होण्यास सोळा वर्षे लागतील. तोवर नवाही जुना होऊन जाईल. प्लाझ्मा बदलल्यास वर्षाला सुमारे ३,२०० रुपये वाचतात आणि पैसे नऊ वर्षांच्या आत वसूल होतात. दिवसाला दहा तास संच चालणाऱ्या घरात हा काळ निम्मा होतो. सारांश, भरपूर वापरला जाणारा प्लाझ्मा वगळता, केवळ विजेसाठी चालता संच बदलू नये.

‘स्मार्ट’ संचाच्या बाबतीत आणखी एक मोह टाळावा. संच ठणठणीत असतो, पण त्यातील सॉफ्टवेअर जुने होते. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग संचांवर चालणे बंद झाले, हे त्याचे ठळक उदाहरण. अशा वेळी काही हजारांत मिळणारी स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली, की संचाला नवे आयुष्य लाभते. त्यासाठी पडदा फेकून देण्याची गरज नसते.

कर आणि हप्ते

३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व ४०,००० रुपयांचा संच पूर्वी ५१,२०० रुपयांना पडे, तो या दराने ४७,२०० रुपयांना पडतो. वाचलेले ४,००० रुपये म्हणजे ५५ इंची संचाची सुमारे दोन वर्षांची वीज होय. मात्र याच सवलतीच्या भरात गरजेपेक्षा एक आकार मोठा संच घेतला, तर लाभ तेथेच संपतो. ४३ वरून ५५ इंचांवर जाताना पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ टक्क्यांनी वाढते आणि वीजही त्या बेताने वाढते.

‘बिनव्याजी’ हप्त्यांकडेही डोळसपणे पाहावे. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. आजच्या ‘नो-कॉस्ट’ योजनांत व्याजाइतकी सवलत किमतीत दाखवली जाते. व्याजावरील कर आणि प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकाच्याच माथी येते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळते, हे विचारले की हप्त्यांची खरी किंमत कळते.

खरेदीपूर्वी हे तपासा

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या तारांकित लेबलवर वार्षिक वीजवापराची युनिट छापलेली असतात. केवळ तारे न मोजता हा आकडा पाहावा आणि समान आकाराच्या दोन संचांचीच तुलना करावी.

एलसीडी कुळातील संच असल्यास दिवे मागे सर्वत्र आहेत की केवळ कडेला, हे विचारावे.

हमी किती वर्षांची, पॅनेल तिच्यात येते काय आणि बर्न-इन वगळले आहे काय, हे लेखी पाहावे.

आपल्या शहरात अधिकृत सेवा केंद्र आहे काय, याची खात्री करावी. नवख्या ब्रँडच्या स्वस्त संचात हीच बाजू अनेकदा लंगडी असते.

पक्के बिल घ्यावे. हमीच्या काळात दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

जुना संच भंगारवाल्याला देऊ नये. चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते, तर जुन्या एलसीडीच्या नळ्यांत पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नव्या संचाच्या बदल्यात जुना देण्याची योजना किंवा अधिकृत संकलन केंद्र हाच योग्य मार्ग.

कोणासाठी कोणता संच?

दिवसभर वृत्तवाहिन्या चालणाऱ्या, उजेडाच्या दिवाणखान्यासाठी मागे सर्वत्र दिवे असलेला साधा एलईडी किंवा क्यूएलईडी हा सर्वांत कमी खर्चाचा व कमी काळजीचा पर्याय आहे. खेळ आणि चित्रपट यांची आवड असून खोलीत भरपूर प्रकाश असेल आणि संच आठ-दहा वर्षे ठेवण्याचा निश्चय असेल, तर मिनी-एलईडीचा वाढीव खर्च समर्थनीय ठरतो. अंधाऱ्या खोलीत निवांतपणे चित्रपट पाहणाऱ्या रसिकाने ओएलईडी जरूर घ्यावा. मात्र तो चित्राच्या सौंदर्यासाठी घ्यावा, बचतीसाठी नव्हे. कोणताही संच घेतला, तरी प्रखरता बेताची ठेवणे, सेट-टॉप बॉक्स भिंतीवरून बंद करणे आणि दिवे गेले म्हणून संच मोडीत न काढता दुरुस्त करून घेणे, या तीन सवयींनी जो पैसा वाचतो, तो दुकानातील कोणत्याही घासाघीसीने वाचत नाही.